बंबाचा नळ

आमच्या गारखेड्यात आठवड्यातून एकदाच पाणी येतं. ते सोडणारा लाईनमन दर वेळी कोपऱ्यावरच्या, आगीच्या बंबासाठी ठेवलेल्या नळाला तेल घालायचा, उघडून बादलीभर पाणी रस्त्यावर जाऊ द्यायचा, मग फडक्यानं पुसायचा.

"कशाला वाया घालवता?" मी एकदा खेकसलो.

"लोखंडाला हात लागला नाय, तर ऐन वखताला ते वळख देत नाय."

परवा, पाण्याच्याच दिवशी, शेजारचं गाद्यांचं दुकान पेटलं. बंब आला, पण त्यातलं पाणी संपलं. लाईनमननं गल्लीतल्या घरांचं पाणी तोडलं आणि तो नळ अर्ध्या वेढ्यात उघडला. आग आमच्या भिंतीला न लागता विझली.

नळ नेहमीसारखा पुसत तो म्हणाला, "साहेब, आज लई पाणी वाया गेलं."