पाच तुकड्यांची पेटी

घरी बसलेल्या नवऱ्याला मी कामावरचं काही सांगत नाही. त्याची नोकरी गेल्यापासून मुलासकट आम्हा तिघांचाही व्हिसा माझ्या पगारावर टांगलेला आहे, आणि ऑफिसचा विषय निघाला की तो उगाच समजूतदार होतो. ते मला सहन होत नाही. इथे आखातात, वक्रा गावातल्या त्या फ्लॅटमध्ये आधीच श्वास घ्यायला जागा नाही, त्यात आणखी समजूतदारपणा कुठे ठेवायचा?

आमच्या कारखान्यात गच्चीवर बसवायच्या विजेच्या पेट्या बनतात, पत्र्याच्या. त्यांचं डिझाइन माझं. गेल्या उन्हाळ्यात मॅनेजरने बाहेरून आयात केलेली एक स्वस्त पेटी माझ्या टेबलावर आणून आदळली. या भावात आपली पेटी बसली नाही तर विभाग बंद, असं म्हणाला, आणि जाता जाता "यल्ला मॅडम!", म्हणजे चला, आटपा. जणू मला खालच्या दुकानातून कोथिंबीरच आणायची होती.

आठवडाभर मी कॉम्प्युटरपुढे बसून शहाणपणा केला. पत्रा पातळ घेतला तर दार वाकडं होतं. स्वस्त रंग घेतला तर समुद्राच्या हवेने कोपरे गंजतात. शेवटी नाइलाजाने ड्रॉइंग घेऊन खाली वर्कशॉपमध्ये गेले.

तिथे रत्नागिरीकडचा एक वेल्डर होता, पन्नाशी उलटलेला. घराबाहेर माझ्याशी मराठी बोलणारा तेवढा एकच माणूस. मी त्याला चाचा म्हणायची, तो मला बाय. ऑफिसातले बाकीचे खाली जातात ते चुका काढायला. मी जायची ती दोन शब्द बोलायला.

त्याने ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं. "काय गो बाय, कोपऱ्यात जोड देतेस कशाला? पत्राच दुमड की. वेल्डिंग नको, घासायला नको, नि गंजायला जागाच नाय." खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याने तिथल्या तिथे दुमडून दाखवला. सहा वर्षं मी ती पेटी काढत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. लाज वाटली, पण आनंद जास्त झाला. चौदा तुकड्यांची पेटी पाच तुकड्यांवर आली.

मग मी घोळ घातला. सुधारणा सुचवायच्या फॉर्मवर मी त्याचं नाव लिहिलं. कामगाराची कल्पना आपल्या नावावर खपवणाऱ्या इंजिनिअरांची मला चीड आहे, आणि आपण तसे नाही हे मला मिरवायचंही होतं. त्याच फॉर्मवर खाली, कोणतं काम वाचलं, असा रकाना असतो. तिथे मी स्वच्छ अक्षरात वेल्डिंग असं लिहिलं आणि सही केली.

महिन्याभराने मॅनेजरने बोलावून माझी पाठ थोपटली. पाच वेल्डरांपैकी आता दोन पुरेत, म्हणाला, आणि जाणाऱ्यांची यादी पुढे सरकवली. चाचा पहिला. वय जास्त, पगार जास्त. कामावरून काढल्याची पत्रं गुरुवारी देणार, तोवर कुणाकडे बोलायचं नाही.

"सर, कल्पना त्याचीच होती," मी म्हणाले.

"हो ना, म्हणून त्याला सर्टिफिकेटही देतोय."

ती स्वस्त पेटी उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. तोंडातून निघालं, "ओके सर." मुलाची शाळा, घराचा करार, नवऱ्याचं समजूतदार तोंड, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं होतं. त्यानंतर दोन दिवस मी खाली फिरकले नाही.

बुधवारी तोच वर आला. ऑफिसात त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. हातमोजे काखेत धरून तो टेबलाशी अवघडून उभा राहिला.

"बाय, बिजागरीचं वेल्डिंग पण वाचेल. लिहून घे. नि नाव माझंच घाल."

"चाचा, वेल्डिंग कमी झालं की काय होतं, कळतंय ना तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? हाच धंदा केला आयुष्यभर. तू पाच तुकडे केलेस तेव्हाच समजलो, आमच्यातले दोन-तीन जाणार." तो वाकून हळू आवाजात म्हणाला, "म्हणून तर हे बिजागरीचं सांगायला वर आलो. सांगणाऱ्याला तरी ठेवतील, इन्शाल्ला."

मॅनेजर काचेपलीकडे फोनवर बोलत होता. चाचाचं पत्र त्याच्या टेबलावर सही होऊन पडलं होतं. सांगितलं असतं तर चाचाला निदान एक दिवस आधी कुठे तरी शब्द टाकता आला असता. मला सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं.

मी पेन उघडलं आणि विचारलं, "पत्रा किती जाडीचा धरू?"