परमिट रूममधल्या मेंढ्या

पुण्याहून रत्नागिरीची सकाळची एसटी पकडली, तेव्हा माझ्या मांडीवर एक मोठा चौकोनी खोका होता. शेजारी साखरप्याला उतरणाऱ्या एक आजी बसल्या होत्या. आंबा घाट येईपर्यंत त्यांनी धीर धरला.

"मिठाई हाय काय?"

"खेळ आहे, आजी."

त्यांनी माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या मिशांकडे एकदा पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

खेळ विलायती होता. एक बेट, त्यावर वस्त्या वसवायच्या आणि त्यासाठी लाकूड, विटा, मेंढ्या यांची पत्ते देऊन-घेऊन अदलाबदल करायची. पुण्यात आम्ही मोठी माणसं असले खेळ अत्यंत गंभीरपणे खेळतो. रत्नागिरीत मात्र मला त्यातून समाजसेवा करायची होती. कॉलेजातले माझे दोन मित्र, मंगेश आणि सुनील, दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मंगेशची मिरकरवाड्याला मासेमारीची बोट आहे, सुनीलची पावसच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) हापूसची बाग. मंगेशचे वडील, आप्पा, गेले तेव्हा सुनील आला नाही, एवढंच कारण मला ठाऊक होतं. मी दोघांनाही बोलावलं आणि दुसरा येणार आहे हे दोघांनाही सांगितलं नाही.

संध्याकाळी मांडवीजवळच्या एका परमिट रूममध्ये जमायचं ठरलं होतं. पुण्यात अशा जागेला पब म्हणतात आणि आत अंधार करतात. इथे ट्यूबलाइट लख्ख होती आणि गल्ल्यामागच्या गणपतीला ताजं जास्वंद वाहिलेलं होतं. मंगेश आधी आला. मागून सुनील आला, मंगेशला पाहून दारातच थबकला आणि परत फिरणार, एवढ्यात गल्ल्यावरून मालक नाना म्हणाले, "दारात उभा राहू नको रे, डास आत येतात."

सुनील आत आला. केवळ डासांसाठी.

मी पट मांडला. नाना लगेच टेबलाशी हजर झाले.

"फासे दिसले मला. जुगार चालणार नाय."

मी सगळा खेळ समजावून सांगितला.

"म्हणजे मेंढ्या देऊन विटा घ्यायच्या? मग काय जुगार नाय. ह्यात काहीच नाय," असं म्हणून नाना खुर्ची ओढून शेजारी बसले.

तळलेले बांगडे आले, मोरीचं तिखलं (लहान शार्क माशाचा झणझणीत रस्सा) आलं. बोलणं मात्र येईना.

"ह्याला सांग, एक वीट दे," हातभर अंतरावरच्या सुनीलकडे न बघता मंगेश मला म्हणाला.

"त्याला सांग, वीट नाय," सुनील म्हणाला. त्याच्या हातातल्या तीन विटा मला दिसत होत्या.

निरोप पोचवून मी कंटाळलो. शेवटी नियमांचं पुस्तक उघडलं आणि त्यात नसलेला एक नियम वाचून दाखवला: मागणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने मागितलं पाहिजे.

"नियम तो नियम," नाना म्हणाले.

मंगेशने आधी आख्खा बांगडा संपवला. मग पटाकडे बघत विचारलं, "मेंढी हाय?"

दोन वर्षांनंतरचे पहिले शब्द.

"हाय. काय देशील?"

"लाकूड."

"दोन दे."

"एका मेंढीला दोन? आंब्याचा भाव लावतोस काय?"

"तू पापलेटाचा लावतोस त्यापेक्षा बरा."

सुनीलने मेंढीचा पत्ता पुढे केला, पण हातातून सोडला नाही.

"आप्पा गेले त्या दिवशी मी आलो होतो."

"माहीत हाय. जेटीवर बर्फाच्या गाडीआड उभा होतास."

"मग हाक का नाय मारलीस?"

"मी मारायची?"

सुनीलने पत्ता सोडला. "त्यांनी मला पोहायला शिकवलं रे. तसे पडलेले मला बघवले नसते."

"मला बघवले?"

कोणी काही मागवलं नसताना नाना उठून आत गेले. मीही आदराने मान वळवली आणि माझ्या कोपराने सोलकढीचा पेला आडवा झाला. गुलाबी पूर बेटभर पसरला, माझ्या दोन वस्त्या वाहून गेल्या. मंगेश खांद्यावरच्या टॉवेलने पट पुसू लागला, सुनील पत्ते उचलू लागला.

"उद्या घरी ये," पुसता पुसता मंगेश म्हणाला. "आई विचारत असते."

"काय विचारते?"

"सुनील मेला की काय, असं."

सुनील हसला आणि मग डोळे टिपायला त्याने मंगेशचाच टॉवेल ओढून घेतला. सोलकढीसकट. डाव मी जिंकत आलो होतो, पण तो पुरा करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची गाडी होती. स्टँडवर सोडायला येतो, असं दोघांनीही कबूल केलं होतं. गाडी फलाटाला लागली तरी कोणी दिसेना. मंगेशला फोन केला.

"अरे, जेवतोय आम्ही," तो भरल्या तोंडाने म्हणाला. मागून त्याच्या आईचा आवाज येत होता: "आणखी एक भाकरी घे रे सुनील, वाळलास किती." सुनील नको म्हणत होता आणि कोणी त्याचं ऐकत नव्हतं.

"पोचलास की कळव," म्हणून मंगेशने फोन ठेवला.

कंडक्टरने घंटी दिली. प्रवासात यजमानांनी अगत्याने निरोप द्यावा, अशी माझी फार अपेक्षा असते आणि ते राहिलं की मी पुढे वर्षभर बोलून दाखवतो. या वेळी मात्र हातखंबा गेला, पाली कधी मागे पडली तेही कळलं नाही, मी आपला एकटाच हसत होतो. तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरने विचारलं, "घरी काय चांगली बातमी?"

"घरी नाही," मी म्हणालो. "मला सोडायला कोणी आलं नाही."

त्याने तिकीट हातात दिलं आणि जरा सावधपणेच पुढच्या सीटकडे गेला.