चार वल्ह्यांचा खेळ

मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ती एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. आमची खोली तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या विभागाला लागून, त्यामुळे एक भिंत बारा महिने कोमट. सगळं हॉस्पिटल तिला ऑपरेटरबाई म्हणायचं. ऑपरेटर मीही होते, पण मला कुणी तसं म्हणत नसे. समोरचा माणूस हॅलो म्हणाला की हा पेशंटचा नातेवाईक, औषध कंपनीचा माणूस, की रजेसाठी खोकला काढणारा वॉर्डबॉय, ते तिला कळायचं. "थांबा, जोडून देते," म्हणायची आणि लाइन लागेपर्यंत मधून मधून येऊन सांगायची, "मी आहे हं, ठेवू नका." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एकदा वीस मिनिटं तिच्याशीच बोलून, वॉर्डात फोन न लावताच, समाधानाने ठेवून दिला होता.

मग हॉस्पिटलने आपोआप उत्तर देणारं यंत्र बसवलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. मला रेकॉर्ड विभागात पाठवलं आणि तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली. बावन्न वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, तेव्हा तेरा वर्षांनी लहान असलेल्या भावाला तिनेच वाढवलं होतं. त्याला सगळे धाकटाच म्हणत, पस्तिशी उलटली तरी.

हा धाकटा आणि त्याचा भागीदार यांनी नोकऱ्या सोडून तिच्या बाहेरच्या खोलीत दोन टेबलं मांडली होती. एक ऑनलाइन खेळ बनवत होते. खेळाचं नाव 'चार वल्ही'. समुद्रात विखुरलेली बेटं, आणि जायला यायला नावा. प्रत्येक नावेला चार वल्ही, ती मारायला चार घरांतली चार माणसं. तालात मारली तर नाव पुढे, नाहीतर जागच्या जागी गोल. बेटावर पोचलं की चौघांनी मिळून घर बांधायचं, बाग लावायची, दिवा उभारायचा. एकट्याने नाव हलतच नाही. खेळाची सगळी गंमत तीच, आणि गाडी अडायची तीही तिथेच.

कारण माणसं येतच नव्हती. दोघांनी खेळाचं पान उघडलं, चाचणीसाठी दार चोवीस तास उघडं ठेवलं. दिवसाला आठ-नऊ जण यायचे, तेही वेगवेगळ्या वेळी. एके दिवशी ऑपरेटरबाई चहा घेऊन गेली ती धाकट्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"हा कोण रे?"

"आलाय कुणीतरी."

"मघापासून किनाऱ्यावर बसलाय. त्याला कुणी काही विचारलं का?"

"ताई, हा खेळ आहे. पाहुणा नाही आलाय."

"मग गेला बघ," ती म्हणाली. तो खरोखरच गेला होता.

त्या संध्याकाळी दोघांचा नेहमीचा वाद झाला. भागीदाराचं म्हणणं, खेळ पुरता तयार झाल्याशिवाय अवाक्षर काढायचं नाही, मग एका दिवशी एकदम धमाका करायचा. धाकट्याचं म्हणणं, आत्तापासून रोज थोडं थोडं ओरडत राहायचं. ऑपरेटरबाईने भाजी चिरता चिरता विचारलं, "धमाका ऐकून माणूस आला, तर तो बसणार कुणाशेजारी?"

दुसऱ्या दिवशी तिने धाकट्याचा जुना लॅपटॉप मागून घेतला.

तिने पहिलं काम केलं ते दार बंद करण्याचं. आठवड्यातून फक्त शनिवार आणि रविवार, दुपारी चार ते सहा. दिवसभर उघड्या दुकानात एकेकटं गिऱ्हाईक येण्यापेक्षा दोन तास गर्दी दिसलेली बरी, हे तिचं साधं गणित. मग तिने माणसं शोधली, आणि खेळ खेळणाऱ्यांच्या घोळक्यात नाही शोधली. होड्या वल्हवणाऱ्यांचे ग्रुप, दीपस्तंभांचे फोटो काढत फिरणारे, कोरसमध्ये गाणारे, ज्यांना चौघांत मिळून काही करायची सवय आहे असे. प्रत्येकाला वेगळं पत्र. आलेल्या नव्या माणसाला तीन जुन्यांच्या मध्ये बसवायची. 'ऑपरेटर' याच नावाने ती तिथे असायची, आणि कुणाचं वल्हं रिकामं राहिलं की लिहायची, "थांबा, जोडून देते."

मी तिच्याकडे गेले की ती मला वही दाखवायची. बंदरावर क्रेन चालवणारा एक जण, त्याची पाळी कोणत्या शनिवारी सुटते. एक घड्याळवाले काका, उजवा हात थरथरतो, त्यांना डावीकडचं वल्हं द्यायचं. दोन बहिणी, लग्न होऊन दोन टोकांना गेलेल्या, आठवड्यातून एकदा एकाच नावेत बसणाऱ्या. "अगं, आपलाच एक्सचेंजचा बोर्ड आहे हा," ती मला म्हणाली. "फक्त कोमट भिंत नाही."

पहिल्या वर्षाअखेरीला दोनशे माणसं झाली. पुढच्या आठ महिन्यांत अकराशे. आता तीच माणसं आपली माणसं आणत होती. शनिवारी चारच्या आधीच किनाऱ्यावर रांग लागायची. धाकटा खुशीत असायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या ताईने पब्लिक जमवलंय." भागीदाराला मात्र घाई झाली होती. तारीख कधी जाहीर करायची, ट्रेलर कधी सोडायचा, हे तो रोज विचारायचा.

"माझ्या हाकेवाचून नावा भरू देत," ती म्हणाली. "ज्या रविवारी मी नसेन आणि तरी चाळीस नावा सुटतील, त्या दिवशी तारीख जाहीर करा."

आणखी एक गोष्ट ठरली होती. पहिल्या अकराशे जणांनी बांधलेली बेटं खेळ सगळ्यांसाठी उघडल्यावरही तशीच राहणार, नकाशावर त्यांची नावं असणार. हे धाकट्याने तिला सांगितलं, तिने त्या सगळ्यांना. धाकट्याने सांगितलं ती एक माहिती होती. तिने सांगितलं तो शब्द होता.

त्या वसंतात तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धाकट्यानेच तारीख घेतली, त्यानेच नेलं-आणलं. डॉक्टरांनी तीन दिवस स्क्रीनकडे बघू नका म्हटलं होतं. धाकट्याने त्याचे दहा केले. "ताई, लॅपटॉप मी माझ्याकडे ठेवतो. तू बघायचंच नाहीस." दर चार तासांनी तो आत यायचा, तिची मान हलकेच मागे करायचा, थेंब घालायचा, आणि गालावर ओघळलेलं रुमालाने टिपायचा. तिने मला फोनवर सांगितलं, "लहानपणी त्याचे कान दुखायचे तेव्हा मी असंच औषध घालायची. फेडतोय गं पोरगा." आवाजात इतकं सुख होतं.

सहाव्या दिवशी दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन तिच्याकडे गेले. बाहेरची खोली रिकामी होती, दोघं कुठल्याशा भेटीला गेले होते. आम्ही जेवायला बसतोय तेवढ्यात फोन वाजला. डोळ्यावर झाकण असल्यामुळे ती फोन स्पीकरवर टाकून बोलायची. क्रेनवाला होता.

"ऑपरेटरताई, तुम्ही असं लिहाल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय लिहिलं मी?"

"आज सकाळचं पत्र."

"माझ्या डोळ्यावर पट्टी आहे. वाचून दाखवता का?"

त्याने वाचलं. खेळ पुढच्या महिन्यात येतोय. एक मोठी कंपनी आपल्या पाठीशी उभी राहिली आहे. पहिल्या दिवशी एक नावाजलेला स्ट्रीमर लाखो लोकांसमोर तो खेळून दाखवणार आहे. नव्याने येणाऱ्यांना आपण मागून आलो असं वाटू नये, म्हणून सगळी बेटं कोरी केली आहेत. तुम्ही जुनी माणसं आहात, समजून घ्याल. शेवटची ओळ क्रेनवाल्याने सावकाश वाचली. "थांबा, सगळ्यांना नव्याने जोडून देते. तुमची ऑपरेटर."

"कोरी केली आहेत?" तिने विचारलं. "करणार आहेत की केली?"

"केली. पत्रासोबत नकाशा आलाय, तो बघितला. नुसतं पाणी आहे."

तिने फोन ठेवला आणि ताट बाजूला सारलं. मी काहीतरी बोलले असेन, आठवत नाही. ती म्हणाली, "माझ्यासारखंच लिहिलंय. 'समजून घ्याल' हे मी म्हणते. ते त्याला ठाऊक आहे."

चारला धाकटा आला, हात धुतले, थेंबांची बाटली घेऊन आत आला. मी कोपऱ्यात बसले होते, उठले नाही.

"कधीपासून ठरलं होतं?" तिने विचारलं.

बाटली त्याच्या हातातच राहिली. "दीड महिना झाला."

"म्हणजे ऑपरेशनची तारीख घेतलीस त्याच्या आधी."

"ताई, तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

"कंपनीला महिन्याभरातच हवं होतं. असा चान्स पुन्हा येत नाही. आणि तूच म्हणाली होतीस ना, तू नसताना नावा भरल्या की तारीख जाहीर करा? या रविवारी भरल्या."

"किती?"

"सव्वीस."

"मी चाळीस म्हणाले होते. ते जाऊ दे. तुझ्या नावाने का नाही लिहिलंस?"

"आमचं कुणी ऐकलं नसतं," धाकटा म्हणाला. निदान एवढं तरी तो खरं बोलला. मग त्याने विचारलं, "थेंब घालू?"

"बाटली तिच्याकडे दे," ती माझ्याकडे हात करत म्हणाली.

त्याच आठवड्यात टेबलं उचलली गेली. 'ऑपरेटर' नावाचा पासवर्ड बदललेला होता. कंपनीने जाहिरातीचं काम करणारी माणसं नेमली होती आणि ते नाव आता ती माणसंच चालवत होती. अकराशे जणांना लिहायला तिच्याकडे जागाच उरली नव्हती. वहीत साठ-बासष्ट फोन नंबर होते. डोळ्याचं झाकण निघाल्यावर तिने ते एकेक करून फिरवले. मी दोन दुपारी तिच्याजवळ बसून होते. प्रत्येकाला तेच सांगायची, "ते पत्र मी लिहिलं नव्हतं. पण शब्द मी दिला होता, म्हणून माफी मागायला फोन केलाय."

पुष्कळांनी विश्वास ठेवला. काहींनी फोन उचलला नाही. दोघी बहिणींपैकी धाकटी खूप रडली. त्यांनी दोन वर्षं खपून लावलेली बाग होती बेटावर, माहेरच्या परसासारखी हुबेहूब आखलेली. घड्याळवाले काका शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, आवाज तुमचाच वाटतोय. पण पत्रही तुमचंच वाटलं होतं."

त्यानंतर तिने त्या दिवशी पुढचा फोन केला नाही.

खेळ ठरल्या दिवशी आला. पहिल्या संध्याकाळी तीस हजार माणसं आली आणि सर्व्हर बसला. दुसऱ्या दिवशी चालू झाला, तेव्हा नावेत चार अनोळखी माणसं बसायची. एक कंटाळून उठला की उरलेले तिघं भर समुद्रात अडकायचे आणि शिव्या लिहून निघून जायचे. चार शब्द बोलून त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं. ज्यांना ते येत होतं ती अकराशे माणसं फिरकलीच नाहीत. स्ट्रीमर दुसऱ्या आठवड्यात दुसरा खेळ खेळायला लागला. तिसऱ्या महिन्यात एका वेळी शंभर माणसंही दिसेनात. कंपनीने हात झटकले, भागीदाराने तिथेच नोकरी धरली.

धाकटा सहा महिन्यांनी आला. मधल्या काळात तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी गेले होते बरोबर, त्याला कळवलं नव्हतं. तो बारीक झाला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "ताई, कंपनीने खेळ परत दिलाय. तू पुन्हा माणसं गोळा करशील?"

"नाही," ती म्हणाली. मग स्वतःच उठून कागद-पेन आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. "कशी गोळा करायची ते सांगते. लिहून घे. आधी दार बंद कर, दोनच तास उघड. आलेल्या प्रत्येकाशी तू स्वतः बोल, तुझ्या नावाने. न जमणारं वचन देऊ नकोस. आणि नावा आपणहून भरेपर्यंत बाहेर कुणाला बोलवू नकोस."

तो शाळकरी मुलासारखा लिहीत होता. लिहून झाल्यावर म्हणाला, "अजून राग आहे?"

"राग कधीच गेला," ती म्हणाली. "तू आत्ता जे बोललास ते खरं की कामापुरतं, हे मला तुझ्या आवाजावरून कळत नाहीये. तेरा वर्षांची होते तेव्हापासून कळायचं."

जेवून जा म्हणाली, तो जेवून गेला. त्याचा खेळ अजून चालतो, थोडक्या माणसांत. सणासुदीला तो येतो. ती त्याला वाढते, तब्येत विचारते. खेळाचं काही विचारत नाही आणि तोही काढत नाही.

क्रेनवाल्याने त्या साठांपैकी चाळीसेक जणांना एका पत्त्यांच्या ऑनलाइन खेळात जमवलंय. ऑपरेटरबाईही अधूनमधून जाते तिथे, दुसऱ्याच कुठल्याशा नावाने. कोण कुठे बसणार ते क्रेनवाला ठरवतो. मी एकदा तिच्या शेजारी बसून बघितलं. एक नवी बाई आली होती, कुठल्या टेबलावर जायचं ते तिला समजत नव्हतं. ऑपरेटरबाईची बोटं कीबोर्डवर टेकली, जराशी थांबली, मग तिने हात मांडीवर घेतले. क्रेनवाल्याने त्या बाईला जागा करून दिली आणि डाव सुरू झाला.