साडेनऊची फळी

दुर्गाघाटावरच्या आमच्या घराच्या वरच्या मजल्याची जमीन लाकडी आहे. मागच्या महिन्यात बढई तिच्या फळ्या दुरुस्त करायला आला तेव्हा त्याला एकच अट घातली: जिन्याजवळच्या तिसऱ्या फळीला हात लावायचा नाही. तिचे दोन स्क्रू सैल आहेत, ते सैलच राहतील. तो म्हणाला, फळी करकरेल, शेजारी तक्रार करतील. म्हटलं, करू देत.

ही गोष्ट मी शिकत होते तेव्हाची. माझी थोरली बहीण नवऱ्याचं घर सोडून परत आली, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. ती माहेरपणाला आली आहे, असंच अण्णा, म्हणजे आमचे वडील, लोकांना सांगत. अण्णा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं करत. पहाटे दशाश्वमेधला जात, नऊला परतून खालच्या बैठकीत यजमानांबरोबर बसत. त्यांच्या डोक्यावर आमची जमीन होती, आणि ती करकरायची. कोण खिडकीशी आहे, कोण जिन्याकडे निघालं, हे त्यांना मान वर न करता कळायचं.

ताईला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. अण्णांनी नाही म्हटलं नाही. साडेनऊला फळी वाजली की ते खालून विचारत, "कोण जातंय?"

"मी."

"जरा पंचांग दे."

पंचांग दिलं की पाणी. पाणी दिलं की पाहुण्यांना पानाचा डबा. ताई दोनदा उशिरा पोचली. मुख्याध्यापिकेने बजावलं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊ नका.

ताईने बढई बोलावला. अण्णांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "वर बायका आहेत."

"वर बायका आहेत म्हणून तर जमीन वाजते," ताई म्हणाली आणि स्वतः स्क्रू आणि ते पिळायचा पेचकस विकत घेऊन आली.

अण्णा घाटावर असत तेवढ्या वेळात ती काम करी. जुने खिळे ढिले झाले होते. पाय पडला की फळी खिळ्यावर घासायची. तिने खिळे काढून स्क्रू बसवले. जिथे फळी तुळईपासून सुटली होती तिथे जुना पाट फोडून केलेल्या पातळ पाचरी सारल्या. दोन फळ्यांच्या फटीत रांगोळीच्या डब्यातलं शंखजिरं भरलं. मी धरायला गेले तर म्हणाली, "तू परीक्षेचं वाच. तळहात एकीचेच फुटू देत." अकराव्या दिवशी आम्ही दोघी खोलीभर चाललो. आवाज नाही.

पुढचे दोन आठवडे ताई वेळेवर शाळेत पोचली. अण्णांना ती गेल्याचं कळायचं नाही, किंवा कळलं नाही असं त्यांना म्हणता यायचं.

मग एका सकाळी मी चहा घेऊन बैठकीत गेले. सांगलीकडचे एक यजमान विचारत होते, "तुमची थोरली शाळेत शिकवते म्हणे?"

"कोण म्हणतं?" अण्णांनी छताकडे बोट दाखवलं. "पाऊल वाजलं का? वरच बसलीय वाचत."

संध्याकाळी मी हे ताईला सांगितलं. ती आधी हसली.

"म्हणजे मी घरात बसलेय, हे मीच ठोकून पक्कं केलं!"

मग तिने पेचकस काढला. कुठली फळी अण्णांच्या बैठकीच्या बरोबर वर येते ते तिने पावलं मोजून ठरवलं, तिची पाचर ओढून काढली आणि दोन स्क्रू सैल केले. मी म्हटलं, परत अडवतील, नोकरी जाईल.

"अडवू देत. चोरासारखी जाऊन टिकवलेली नोकरी मला नको."

दुसऱ्या दिवशी खाली चार यजमान होते. मी बैठकीच्या दाराशी उभी होते. साडेनऊला फळी करकरली. अण्णांनी वर पाहिलं, पण कोण जातंय ते विचारलं नाही. फळी पुन्हा वाजली, पहिल्यापेक्षा जोरात. मग ताई खांद्याला पिशवी अडकवून जिना उतरली आणि दारात थांबली.

"अण्णा, शाळेत जाते. साडेचारला येते."

"कोणत्या वर्गाला शिकवता, बाई?" एका यजमानाने विचारलं.

"सहावीला. गणित."

अण्णांनी घसा खाकरला.

"जरा पंचांग दे."

"तुमच्या मांडीवर आहे," ताई म्हणाली आणि चपला घालून गल्लीत उतरली.