साडूंची मराठी आवृत्ती

एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कधी येणार, याची वाट पाहण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू आहे. लोक मुलाच्या नोकरीची वाट बघतात, सोसायटीच्या पुनर्विकासाची बघतात, नळाला पाणी येण्याची तर आमच्याकडे सगळेच बघतात. साडूही हे सगळं बघत होते, पण वरवर. त्यांचा खरा जीव गुंतला होता फोटोंवर कारागिरी करण्याच्या एका सॉफ्टवेअरमध्ये. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी बसून ते बनवतात. कुणीही ते घ्यावं, वापरावं, आतून उघडून बघावं आणि जमलं तर सुधारावं, अशी त्याची रीत. त्याची मोठी नवी आवृत्ती येणार, येणार, असं इतकी वर्षं चाललं होतं की घरच्यांनी ऐकणं सोडून दिलं होतं. "फुकटचं आहे म्हणून उशीर होतोय का?" असं मी एकदा विचारलं. साडूंनी चहाचा कप खाली ठेवला. "फुकट नाही, मुक्त," ते म्हणाले, "दोन्हींत फरक आहे." हा फरक त्यांनी मला पुढेही अनेकदा समजावून सांगितला, आणि दर वेळी तो समजेपर्यंत माझा चहा गार झाला.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. मूळ गाव रत्नागिरीकडे, बिऱ्हाड भाईंदर पूर्वेला, नोकरी स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात देखरेखीची. दिवसभर पातेल्यांवरचे ओरखडे शोधायची सवय, त्यामुळे घरी आल्यावर ते फोटोंवरचे शोधत. नात्यात बारसं असो की साखरपुडा, फोटो आधी साडूंकडे जात आणि साफसूफ होऊनच लोकांपर्यंत पोचत. मागच्या दोरीवरचे कपडे जात, भिंतीवरची ओल जात असे, कलती पाण्याची टाकी सरळ होई. एका बारशाच्या फोटोत पाळण्यामागे एक अनोळखी गृहस्थ उगाचच उभे होते. साडूंनी त्यांना अलगद काढून तिथे पडदा आणून सोडला. ते गृहस्थ बाळाचे सख्खे काका निघाले, आणि खास त्या बारशासाठी रजा काढून आले होते. पुढे काही दिवस दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. साडूंचं म्हणणं एवढंच, की पडदा कुणालाही ओळखू आला नाही, हे काम चांगलं झाल्याचं लक्षण आहे.

वरच्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांना साडूंची दया येई. ते एकदा फोटोंचंच एक नावाजलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन आले. "भाऊ, ये लो. महंगावाला है, पर अपने को फ्री में मिला. सबके पास यही है." साडूंनी त्यांना बसवलं, सरबत दिलं, आणि निघताना पेन ड्राइव्ह त्यांच्याच खिशात परत ठेवला. "चोरी का है ना, इसलिए," ते इतक्या हळुवारपणे म्हणाले की शेजाऱ्यांना रागावताही येईना.

पुढे त्यांना कळलं, की या सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराचं काम अर्धवट पडलंय आणि ते कुणीही करू शकतं. झालं. त्या दिवसापासून ताईच्या घरात जेवायचं टेबल जेवणासाठी मिळेना. साडू कामावरून येत, हातपाय धूत आणि शब्द शोधायला बसत. एकावर एक ठेवलेल्या चित्रांच्या पातळ थराला नुसतं 'थर' म्हणावं, 'पदर' म्हणावं की 'पापुद्रा', यावर त्यांनी अख्खा गणपती घालवला. आरतीला आलेल्या प्रत्येकाचं मत घेतलं. उत्तनच्या बाजूने मासळी घेऊन दारावर येणाऱ्या मावशींनाही सोडलं नाही. "मावशी, माशाच्या अंगावरचं पातळ असतं, त्याला तुमच्यात काय म्हणतात?" मावशींनी टोपली खाली ठेवली. "त्याला काय बी म्हन. तुला कोळंबी पायजे का न्हाय, ते सांग." केलेली गोष्ट मागे घ्यायच्या आज्ञेला काय म्हणावं, असं त्यांनी ताईला विचारलं, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "'राहू दे' म्हणा," ती म्हणाली. साडू म्हणाले, "तांत्रिक वाटत नाही." "मग तेही राहू दे," ताई म्हणाली.

आणि एक दिवस ती नवी आवृत्ती, साडूंचं मराठी धरून, खरोखरच आली. साडूंचा फोन आला तेव्हा मला वाटलं घरात कुणाचं तरी लग्न ठरलं. रविवारी आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. ताईने पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवणं झाल्यावर साडूंनी खुर्च्या मांडून आम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवलं, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर एक चौकट आली. कॉम्प्युटर जुना असल्यामुळे ही आवृत्ती त्याच्यावर चालणार नाही, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं. साडूंनी ती चौकट दोनदा वाचली. माझ्या बायकोने बडीशेप फिरवली. "वाट बघता बघता आमचंही वय झालं की," साडू म्हणाले आणि शर्ट बदलायला आत गेले.

पुढच्या रविवारी मी माझा लॅपटॉप घेऊन गेलो. त्यावर ते चाललं. या वेळी बघायला मी आणि ताई दोघंच. साडूंनी भाषा मराठी केली, आणि मग वरपासून खालपर्यंत एकेक यादी उघडून सगळे शब्द मोठ्याने वाचले. फोटो एकही उघडला नाही. ताई शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. लॅपटॉप मी तिथेच ठेवून आलो.

मला वाटलं, आता हा माणूस सुखात असेल. पण झालं उलटंच. वाट बघण्यासारखं काही उरलं नाही, आणि ओळखीतलं कुणीही ते मराठीतून वापरेना. कारखान्यातल्या एकाने सांगितलं, "साहेब, मराठीत बटन सापडतच नाही." पुतणी म्हणाली, "काका, इंग्रजीच बरं पडतं." साडू आमच्याकडे यायचे, टीव्हीसमोर बसायचे. आमच्या भिंतीवरच्या फोटोवर डाग पडला होता, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ताई बायकोला फोनवर म्हणाली, "एवढी वर्षं घातली गं. कुणासाठी, असं त्यांना वाटायला लागलंय."

असंच एकदा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. त्यांच्याच इमारतीत नव्याने राहायला आलेली एक बाई दार वाजवून आत आली. नवरा पालिकेत नोकरीला, माहेर परभणीकडचं. घरबसल्या वाढदिवसाच्या, नामकरणाच्या पत्रिका करून द्यायचं काम तिने सुरू केलं होतं. "काका, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणाले खाली," ती म्हणाली आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून उघडला. पडद्यावर साडूंचं सॉफ्टवेअर होतं. मराठीतलं.

ताईने सांगायला तोंड उघडलं होतं. साडूंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"हे बघा," ती बाई म्हणाली. "'कडा पिंजा.' कुणी लिहिलंय कोण जाणे. पिंजायला काय कापूस आहे? मला वाटलं फोटो फाटेल, म्हणून मी हातच लावला नाही."

"म्हणजे कापलेल्या चित्राची कड जरा पसरवायची," साडू म्हणाले. "टोचत नाही मग डोळ्याला."

"हां, म्हणजे मऊ करायची. मग 'कडा मऊ करा' म्हणायचं ना सरळ."

"खरंय," साडू म्हणाले. "बाकी कुठे अडतंय?"

"बाकी नाही. माझं शिक्षण सगळं मराठीतून झालं, काका. इंग्रजीत होतं तेव्हा उघडून नुसती बघत बसायचे. आता कुणाला विचारावं लागत नाही." लॅपटॉप मिटून ती म्हणाली, "चांगलं केलंय ज्याने केलं त्याने. फक्त एवढं एक जरा विचित्र."

ती गेल्यावर ताई म्हणाली, "अहो, सांगायचं ना तिला."

"सांगितलं असतं, तर उद्या दुसरा शब्द चुकीचा आहे म्हणून ती कशाला आली असती? भिडेखातर गप्प बसली असती," साडू म्हणाले.

ते मला सोडायला फाटकापर्यंत आले. एरवी रिक्षा मिळेपर्यंत ते मुक्त सॉफ्टवेअरबद्दल बोलतात आणि मी रिक्षा लवकर मिळावी म्हणून रस्त्याकडे बघत असतो. त्या दिवशी रिक्षा येऊन थांबली तरी ते काही बोलले नाहीत. मी बसलो, तेव्हा वाकून, रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "एकच शब्द अडला हो तिला."

रिक्षा वळेपर्यंत ते तिथेच उभे होते. केस बरेच पांढरे झालेत त्यांचे, हे मला तेव्हा दिसलं.