पांढरी पट्टी

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आठवणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही, तरीही टाळलं.

एकाहत्तरच्या युद्धानंतर आमच्या मंगळवार पेठेतल्या मंडळानं माजी सैनिकांना फेटे बांधायचं ठरवलं. मी शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून माईक माझ्याकडे. फेटा बांधून झाला की ज्यानं त्यानं आपल्या लढाईचं चार शब्दांत सांगायचं.

कोपऱ्यावरचे शिंपी, सगळ्यांचे मामू, दुसऱ्या महायुद्धात सिंगापुरात जपान्यांच्या कैदेत सापडले होते. ते म्हणाले, "जहाजात कोंबून आमाला लांबच्या एका बेटावर नेलं. विमानं उतरायला पट्टी केली. समुद्रातलं पोवळं फोडायचं, पसरायचं, चोपायचं. पांढरी फेक पट्टी. उन्हात डोळं दिपायचं."

लोक जांभया देत होते. मला हशा हवा होता. मी माईकवर म्हणालो, "म्हणजे मामू, विमानं जपानची आणि घाम आपला! मग फेटा जपाननं बांधायला पायजे की!"

मंडप हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "जपानी मामू की जय!"

कोल्हापुरात एकदा चिकटलेलं नाव निघत नाही. मामूंनी फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला आणि घर गाठलं.

काही वर्षांनी नेसरीहून एक म्हातारे गृहस्थ आले. मामूंचं खरं नाव घेऊन ते पत्ता विचारत होते आणि कुणालाच कळत नव्हतं. शेवटी पानपट्टीवाला म्हणाला, "जपानी व्हय पावणं? त्ये काय कोपऱ्यावर."

मी त्यांना पोचवायला निघालो. वाटेत ते थांबले.

"जपानी म्हंतासा त्येला? बाजू बदला, सुटका हुईल, असं जपानी सांगत हुतं. आमी न्हाय म्हणालो, म्हणून तर त्या बेटावर गेलतो. वरनं आपल्याच बाजूची विमानं बाँब टाकायची, खड्डं आमी बुजवायचं. जो पडून ऱ्हायला त्येला जेवान न्हाय. मी तापानं पडलो तवा माझ्या वाटणीच्या पाट्या ह्येनं वाहिल्या. कुणी पाडलं हे नाव?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

त्यानंतर मी सगळे कपडे मामूंकडेच शिवले. दर वेळी वाक्य तयार असायचं : मामू, ते नाव माझ्यामुळं पडलं, मला माफ करा. शेवटचं माप घेतलं तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. टेप गळ्यात टाकून त्यांनी विचारलं, "आनि काय, मास्तर?"

"खिसा जरा खोल ठेवा," मी म्हणालो.