मेंदीखालची बोटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. आत्ता लिहितानाही मधूनच दाराकडे बघतेय — या वयात मला पकडायला कोण येणार आहे? पण भीतीला वय कळतं थोडंच!

धुळ्याच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. प्राध्यापकांचा संप चालू होता तेव्हाची गोष्ट. सरकारनं अनुदानाला कात्री लावलेली, पगारवाढ नुसती कागदावर. गेटवर मांडव घालून आम्ही रोज बसायचो. परीक्षेच्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही, अशी शपथ घेतली होती सगळ्यांनी. मीही घेतली — चांगली मोठ्यानं.

माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. सांगू की नको, असं होतंय. सांगितलं की सबब वाटते. पण घाबरले ती तिथूनच. प्राचार्यांनी घरी बोलावलं. म्हणाले, प्रॅक्टिकल मी घेतो, तुम्ही फक्त मांडून द्या. मग चष्मा पुसत म्हणाले, "जूनची ऑर्डर माझ्याच सहीनं निघते, मॅडम." नवऱ्याची गिरणी तेव्हा बंद. तोंडून "हो" कधी गेलं ते कळलंही नाही.

सगळे जळगावला मोर्चाला गेले त्या दिवशी, मुलीला ताप आहे म्हणून मी मागे राहिले. धडधाकट पोरीच्या नावावर ताप! जीभ कशी धजली माझी? भर दुपारी प्रयोगशाळा उघडली. किल्ली तायडे सरांच्या ताब्यात असायची. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेले, आमचे डेमॉन्स्ट्रेटर, अबोल माणूस. किल्ली ते स्टाफरूममधल्या कपाटामागे खिळ्याला लावत. हे फक्त मला माहीत होतं — त्यांनीच विश्वासानं सांगितलेलं.

आवाज होईल म्हणून पंखाही लावला नाही. घामानं चिंब झाले. खोडांचे पातळ काप करायचे, सॅफ्रानिन नावाच्या लाल रंगात बुडवायचे, काचपट्टीवर ठेवायचे. बाहेर साधी सायकलची घंटी वाजली आणि रंगाची बाटली माझ्या हातावर कलंडली. सॅफ्रानिन लागलं की चार-आठ दिवस जात नाही. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. बोटं लालच!

आता? उद्या मांडवात हे हात घेऊन बसायचं कसं?

संध्याकाळी शेजारच्या मारवाडी भाभींपुढे दोन्ही हात पसरले. कुंकू सांडलं म्हटलं, वरून मेंदी काढा. त्यांनी बिचाऱ्यांनी बोटांच्या टोकांपर्यंत भरून काढली.

दुसऱ्या दिवशी आमचे पुढारी नाना अहिराणीत ओरडलेच, "संप शे का लगीन शे, ताई?" सगळे हसले. मीही हसले. तायडे सर हसले नाहीत. "मेंदी छान रंगलीय, मॅडम," एवढंच म्हणाले. पण बघत होते नखांच्या कडांकडे. मेंदी तिथं केशरी उतरते, सॅफ्रानिन गुलाबी. हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं का?

त्याच आठवड्यात परीक्षा झाली आणि बोंब उठली — प्रयोगशाळा कुणी उघडून दिली? किल्ली तायड्यांची, म्हणजे तायड्यांनीच. त्यांच्यावर विश्वास न ठेवायला कुणाला काही कष्ट पडले नाहीत. "राखीव जागेवरून आलेले, ते कसले साथ देतात," असं माझ्या शेजारीच कुणीतरी कुजबुजलं. मी ऐकलं.

बैठकीत ते उभे राहिले. "मी उघडली नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. मी हात पदराखाली घेतले — आता म्हणतील, मॅडम, हात दाखवा. तेवढंच म्हणायचं होतं त्यांनी. ते म्हणालेच नाहीत. खाली बसले. का गप्प राहिले असतील? मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत कधी झाली नाही.

तायड्यांशी कुणी बोलायचं नाही, स्टाफरूमचा चहा त्यांना द्यायचा नाही, असा ठराव झाला. जूनमध्ये मी कायम झाले. ते दोन वर्षं एकटेच गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत राहिले, आणि मग नोकरी सोडून गेले. त्या दोन वर्षांत माझ्या प्रत्येक तासाला काचपट्ट्या वेळेवर मांडलेल्या असायच्या. किल्लीही त्यांनी कधी हलवली नाही. त्याच खिळ्याला होती.

एक सांगायचं राहिलंय. इथपर्यंत आले, तरी ते टाळतच होते.

त्या दिवशी ते खाली बसल्यावर त्यांना शिक्षा ठरवायला बैठकीत कुणीच पुढे येत नव्हतं. नानासुद्धा घुटमळत होते. म्हणत होते, जाऊ द्या, सहकारी आहे आपला. निर्णय लांबला तशी मला भीती वाटली, की आता कुणीतरी आणखी चौकशी करील. तो ठराव मी मांडला. मेंदीचा हात वर करून.